मोहफुलांच्या दिवसांतलं वीस-शून्य

सावली गावातल्या शाळेत मी खेळ शिकवतो, आणि आकडेमोडीचा मला जुना शौक. चार शाळांमधून मुलींचा एकच बास्केटबॉल संघ नागपूरच्या स्पर्धेला पाठवायचा असे, आणि दरवर्षी त्यावरून आम्हा शिक्षकांत तू-तू मैं-मैं व्हायची. म्हणून मी देशांच्या संघांची जागतिक क्रमवारी लावतात ती पद्धतच उचलली. जिंकलं की गुण, मोठ्या फरकाने जिंकलं तर जास्त, तगड्या संघाला किंवा दुसऱ्याच्या मैदानावर हरवलं तर आणखी जास्त. आणि सामना जितका जुना, तितकं त्याचं वजन कमी. सगळ्यांना पटली. मीही जरा भाव खाल्ला.

एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेच्या मुली पहिल्या होत्या, आमच्या दुसऱ्या. शेवटच्या दोन सामन्यांच्या तारखा मी लावल्या, त्या नेमक्या मार्च-एप्रिलात, मोह पडण्याच्या दिवसांत. तेव्हा त्या मुली घरी जातात आणि पहाटेपासून आईबापांबरोबर रानात फुलं वेचतात. हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

त्या आल्या नाहीत. न आलेला संघ वीस-शून्यने हरला असं धरतात. दोन ताजे पराभव, तेही वीसच्या फरकाने. त्यांचे गेल्या वर्षीचे सगळे विजय त्याखाली दबले. आमचा संघ पहिला आला.

यादी लागल्यावर त्यांची कप्तान ती कागदावर उतरवून माझ्याकडे आली.

"सर, आमी तं एकबी मॅच हारलो नाई. मंग खाली काऊन गेलो?"

मी गुणांचा हिशोब समजावला. पोरगी हुशार, तिला लगेच कळलं.

"म्हंजे मोह वेचाले गेलो, थे हारनं झालं?"

"नियम आहे," मी म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली आणि निघून गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी मी सगळे सामने जानेवारीतच उरकले. शिक्षकांनी माझी वाहवा केली, आणि मी ती ऐकूनही घेतली. ती मुलगी तोवर दहावी होऊन शाळेतून गेली होती. नागपूरला ती कधी खेळलीच नाही. पद्धतीत काही चूक नव्हती. तारखा मी लावल्या होत्या.