स्पीकरची घरघर

बस स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. त्या खोलीत बसून एकच बाई सव्वीस वर्षं गाड्या पुकारत आली होती. कुठली गाडी, कुठला फलाट, किती मिनिटं उशीर. रजिस्टरात तिचं नाव असेलच, पण खाली सगळे तिला माइकबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई.

बाईला दमा होता. दमा म्हणजे काही गुन्हा नव्हे, पण तिनं तो गुन्ह्यासारखा लपवला होता. कारण अगदी साधं. माइकवरच्या माणसाचा आवाज बिघडला की त्याची रवानगी पार्सलच्या गोदामात होते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. तिथे पोती, सुतळ्या, गवताचं भरण, आणि धूळ तर अशी की धडधाकट माणूस दुपारपर्यंत शिंकून शिंकून अर्धा होतो. बाईचं तिथे काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. घरी गुडघ्यांनी अधू झालेला नवरा, लेक लग्न होऊन लांब. तेव्हा ही अडीच वर्षं या काचेच्या खोलीतच काढायची, एवढंच बाईनं मनाशी धरलं होतं.

डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले होते. निळा धाप लागेल तेव्हाचा. तपकिरी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, धाप असो नसो. शिवाय प्लॅस्टिकची एक लांबट नळी दिली होती, बरणीएवढी जाड. पंप तिला लावायचा, दाबायचा, दुसऱ्या टोकानं सावकाश श्वास ओढायचा, आणि तपकिरी घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची. अहो, डॉक्टर दहा गोष्टी सांगतात, आपण त्यातल्या सोयीच्या दोन ऐकतो. बाईनं त्या नळीला पहिल्याच दिवशी ‘डबडं’ म्हटलं आणि कपाटावर टाकून दिलं. कामावर कोण नेणार ते धूड? चार जण विचारणार, बाई हे काय, आणि झालं मग.

त्यामुळे सकाळी पावणेसहाला खोलीत आलं की ती तपकिरी पंप तोंडात धरून फस फस दोनदा दाबायची, एकामागोमाग एक. दम खायला वेळ कुणाला? सहा दहाची पहिली गाडी लागलेली असायची. चूळ भरायला नळ होता तो खाली, ड्रायव्हर लोक तोंड धुतात तिथे. सतरा पायऱ्या उतरायच्या, सतरा चढायच्या. चढल्यावर जो श्वास लागायचा त्यासाठी पुन्हा निळा पंप. मग चूळ राहिलीच.

आणि पंप ठेवायची कुठे, तर अ‍ॅम्प्लिफायरवर. ते लोखंडी खोकं दिवसभर चालू राहून एवढं तापायचं की थंडीत बाई त्यावर हात शेकायची. औषध कोरडं राहतं आणि हाताशी राहतं, असा तिचा हिशोब. झाकणं तर केव्हाच हरवली होती.

चार-पाच महिन्यांत बाईचा आवाज बसला. एकदम नाही बसला. आधी सकाळचा खरखरला, मग दुपारचा, आणि शेवटी खालच्या कर्ण्यांतून ‘फलाट क्रमांक’ यायचं ते एखाद्या जुन्या घंगाळात खडे टाकून हलवावं तसं. कंट्रोलर साहेबांनी कान टवकारले आणि निदान केलं, “स्पीकर घरघरतोय.”

मग वायरमनच्या मागे साडेसाती लागली. वायरमन म्हणजे पस्तिशीचा, काडीपैलवान, कमरेला पक्कड-पेचकसाचा पट्टा आणि तोंडानं सतत वायरींशी भांडण. त्यानं कर्णे बदलले, घरघर गेली नाही. वायर नवी ओढली, माइक बदलला, तरी घरघर जागच्या जागी. एकदा तो अ‍ॅम्प्लिफायर सोडवायला वर आला आणि पंप पाहून थबकला.

“बाई, हे तुमचं?”

“बहिणीचं आहे. का रे?”

“यावर लिहिलंय, गरम जागी ठेवू नये म्हणून. दाबानं भरलेली डबी आहे ही. तुम्ही तव्यावर ठेवल्यासारखी ठेवलीय.”

“तू तुझ्या वायरी बघ,” खरखर कळू नये म्हणून बाई हळूच पण फटकन म्हणाली. “घरघर काढायला आलायस ना, ती काढ.”

त्यानं पेचकस फिरवायला घेतला. बिचाऱ्याला काढायची होती ती घरघर त्याच्यासमोर खुर्चीवर बसली होती. खोकं परत जागेवर बसवून तो गेला, आणि बाईनं दोन्ही पंप पुन्हा त्यावरच ठेवले.

त्या महिन्याच्या अखेरीला साहेबांनी वायरमनच्या कागदावर शेरा मारला, कामात हलगर्जी. ते कळल्यावर बाईला भाकरी गोड लागली नाही. एक शब्द बोलली असती तर पोराच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटलं असतं. पण तो शब्द म्हणजे गोदामाचं दार. बाई मूग गिळून बसली. चांगली नव्हती ती त्या दिवसांत, आणि ते तिला स्वतःलाही माहीत होतं.

मग तिनं आपल्या डोक्यानं एक उपाय काढला. आवाज बसला तो तपकिरी पंप सुरू झाल्यापासून, तेव्हा तपकिरी बंद. डॉक्टरांना विचारायला गेलं तर ते रागावणार, म्हणून विचारलंच नाही. आणि काय सांगावं, तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला! साहेब खूश. “बघा, शेरा मारला की कामं कशी होतात,” असं त्यांनी चारचौघांत म्हणूनही घेतलं. वायरमन त्या कर्ण्यांकडे वर बघत नुसता डोकं खाजवत राहिला.

छाती मात्र आतून आवळत चालली होती. निळा पंप दिवसातून दोनदा लागायचा तो चारदा लागायला लागला, मग आठदा, दहादा. पायऱ्यांवर बाई दोन ठिकाणी थांबायची, कुणी दिसलं तर चप्पल नीट करायचं सोंग करायची. घरी नवरा विचारायचा, “श्वास लागतोय का गं तुला?” ती म्हणायची, “कामाचा थकवा. सव्वीस वर्षांचा आहे, एका रविवारात जाईल होय?” खोटं बोलायचाही थकवा आला होता तिला. पण पंप दाबला की फुस्स व्हायचं, आणि ते ऐकलं की तिला धीर यायचा. आवाज येतोय म्हणजे औषध आहे.

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला तिनं माइकचं बटण खाली केलं आणि म्हणाली, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवरून...” पुढचा शब्द आलाच नाही. तिनं पुन्हा श्वास ओढून पाहिला. छातीवर कुणी तरी गुडघा रोवल्यासारखं झालं. निळा पंप घेतला, दाबला, फुस्स. पुन्हा दाबला, फुस्स. आत काहीच पोचलं नाही. बटण खालीच राहिलं होतं, आणि सगळ्या स्थानकावर, सगळ्या कर्ण्यांतून, बाईचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा, बारीक, तुटक. माणसं सामान हातात धरून वर बघायला लागली.

साहेब आपल्या खिडकीतून ओरडले, “अरे, परत घरघरायला लागला! बोलवा त्याला!”

वायरमन पेचकस हातात घेऊन, शिव्या देत, सतरा पायऱ्या चढून आला आणि दारातच त्याच्या हातून पेचकस पडला. बाईचे ओठ निळसर झाले होते. त्यानं तिला ताठ बसवलं, खिडकी उघडली, आणि माइक तसाच चालू होता त्यात ओरडला, “साहेब, स्पीकर नाही, बाई! गाडी आणा!”

त्या दिवशी फलाट चारची गाडी प्रवाशांना खाली उतरवून बाईला घेऊन दवाखान्यात गेली.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं तिचे दोन्ही पंप पुढ्यात ठेवले. “मावशी, हा निळा केव्हाच रिकामा झालाय. औषध संपलं तरी आतला वायू फुस्स करतोच. तुम्हाला आणणारे सांगत होते, तापल्या खोक्यावर ठेवायचात. शेक देऊन देऊन उरलंसुरलंही निकामी केलंत. किती वेळा दाबला ते मोजायचं असतं, आणि एक भरलेला कायम जवळ ठेवायचा.” मग तपकिरी हातात घेऊन तिनं विचारलं, “आणि हा का सोडलात?”

“आवाज जातो माझा त्यानं.”

“नळीतून घेत होतात? चूळ भरत होतात?”

बाईनं मान हलवली. नाही.

“मग सगळं औषध घशातच बसत होतं ना, मावशी. छातीत जायला हवं होतं ते. घसा बसणार नाही तर काय होईल?”

 बाई तोंड भिंतीकडे करून रडली. एका चुळेसाठी, सतरा पायऱ्यांसाठी आपण मरायला निघालो होतो, आणि जाता जाता एका गरिबाच्या कागदावर डाग ठेवून चाललो होतो. संध्याकाळी नवरा लंगडत डबडं घेऊन आला. कोमट पाण्यात धुऊन, वाळवून आणलं होतं. “कपाटावर याला दमा झाला असता,” तो म्हणाला. ती हसली, पण तिला हसायचंही त्राण नव्हतं.

दहा दिवसांनी ती कामावर गेली ती थेट साहेबांच्या टेबलासमोर. कागद घरूनच लिहून आणला होता. स्पीकर कधीच बिघडला नव्हता. घसा माझा बिघडला होता आणि मला ते माहीत होतं. वायरमनवरचा शेरा काढावा. खाली सही.

साहेबांनी दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता, फक्त माणसाऐवजी वर कर्ण्यांकडे बघून बोलायची सवय होती, ती त्या दिवसापुरती गेली. “बाई, हा कागद वर पाठवला तर तुम्ही माइकवर राहत नाही. उरल्या दोनेक वर्षांसाठी कशाला? फाडून टाकतो. सांगा, काय करू?”

बाईला त्या क्षणी गोदाम दिसलं, पोत्यांवर तरंगणारी धूळ दिसली.  पण आता आणखी काही लपवत बसायची ताकदच तिच्यात उरली नव्हती.

“पाठवा,” ती म्हणाली.

कागद गेला. महिन्याभरानं हुकूम आला. वायरमनवरचा शेरा रद्द झाला. बाईला माइकवरून काढलं. धुळीत काम नको, असं दवाखान्याचं पत्र साहेबांनी आपणहून जोडलं होतं, म्हणून गोदाम टळलं आणि चौकशीची खिडकी मिळाली. मागच्याच दारात नळ. रोज सकाळी ती सगळ्यांदेखत डबडं लावते, दोन दाबांच्या मध्ये थांबते, चूळ भरते आणि खिडकी उघडते. आवाज पुन्हा स्वच्छ झाला आहे. त्या आवाजात आता ती दिवसभर सांगते, स्वच्छतागृह डावीकडे आहे. वर काचेच्या खोलीत नवी पोरगी बसते. तिचं पुकारणं कानावर आलं की बाई अजूनही खिडकीशी आलेल्या माणसाचं बोलणं अर्धवट ऐकते.

वायरमन तिच्याशी बोलत नव्हता. तिनं एकदा वाटेत गाठून म्हटलं होतं, “चुकलं रे माझं.” त्यानं म्हटलं, “दोन महिने मला झोप नव्हती, बाई,” आणि पक्कड पट्ट्यात खोचून निघून गेला होता. तिनं मागून हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

परवा दुपारी तो आपणहून खिडकीशी आला. गर्दी नव्हती. वरच्या कर्ण्यातून पोरीचा आवाज येत होता, चांगलाच खरखरत.

“साहेबांनी बोलावलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाले, स्पीकर बघ.”

बाईचा चेहरा पडला. “मग?”

“मग काही नाही. मी म्हटलं, साहेब, आधी कुणी तरी वर जा आणि त्या पोरीला विचारा, बरी आहेस का बाई. मग मला बोलवा.”

बाईनं खिडकीतून बाहेर हात काढला आणि त्याचा हात धरला. रांगेत नवा माणूस येऊन उभा राहिला, तरी तिला तो लगेच सोडवेना.