सहावं तत्त्व

एनेलेसी काम्वेंडो बुआ नावाच्या नदीच्या काठी असलेल्या दवाखान्यात बावीस वर्षं झाडलोट करत होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मिशनच्या शाळेत चार इयत्ता झालेल्या, तेवढ्यावर बायकांची पत्रं आणि औषधांच्या पुड्या तीच वाचून दाखवी. "आजी वाचायला लागली की अक्षरंसुद्धा सरळ बसतात," असं बायका म्हणत. तिला ते आवडायचं.

त्या वर्षी प्रांताच्या आरोग्य कचेरीनं सुधारणेची सात तत्त्वं ठरवली आणि फलक रंगवून पाठवला. तो व्हरांड्यात ठोकला तेव्हा नर्सबाई त्याच तत्त्वांच्या प्रशिक्षणाला शहरात गेली होती. मागच्या खोलीत दिवस भरत आलेल्या पाच बाया आपापली भांडी घेऊन राहिल्या होत्या.

"वाच की आजी," फालेसी म्हणाली. तिचं पहिलं मूल वाटेतच, बैलगाडीत गेलं होतं. म्हणून या खेपेला ती तीन आठवडे आधीच येऊन बसली होती.

एनेलेसीनं खणखणीत वाचलं. सहावं तत्त्व होतं, 'या दवाखान्यात वोयेम्बेकेझेरा असणार नाहीत.'

तिथल्या चिचेवा भाषेत वाट पाहणारा तो वोयेम्बेकेझेरा, आणि पोटुशी बाईही वोयेम्बेकेझेराच. रोजच्या बोलण्यात तो शब्द पोटुशीसाठीच.

"घ्या. आमची पोटं बघून साहेबांना घेरी येते वाटतं," एकजण म्हणाली. हसत हसत तिनं पातेलं उचललं.

फालेसी हसली नाही. "नीट वाचलंस ना, आजी?"

"मी कधी चुकीचं वाचलंय?"

फालेसीनं अंगाभोवती गुंडाळायच्या चितेंजेत कपडे बांधले आणि बाकीच्यांमागोमाग नदीच्या वाटेला लागली.

चौथ्या दिवशी बैलगाडी आली. फालेसी तोंडापर्यंत झाकलेली होती, मूल तिच्या कुशीत. दोघंही थंड. गाडीमागून चालत आलेल्या तिच्या आईनं विचारलं, "हिला घरी कुणी धाडलं?"

"मी," एनेलेसी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कचेरीतले साहेब आले. "रांगेत कुणी ताटकळू नये, एवढाच अर्थ होता, आजी. विचारायचं तरी."

"कुणाला?"

साहेबांनी रंगाऱ्याकडून तो एक शब्द पुसून दुसरा लिहून घेतला. मागची खोली मात्र रिकामीच राहिली.

बऱ्याच दिवसांनी एक पोटुशी पोर व्हरांड्यात थबकली. "आजी, काय लिहिलंय गं?"

एनेलेसीनं झाडू थांबवला नाही. "मला वाचता येत नाही, पोरी," ती म्हणाली.