गुरुवारी नाही, तो रविवारी नाही

माझा धाकटा भाऊ हेबेर हा जगातला सगळ्यात भोळा माणूस आहे आणि ओम्बू क्लबची पोरं त्याला खडूस म्हणतात. दोन्ही खरं आहे. मी सांगू शकते, कारण त्याला मी लहानाचा मोठा केलाय आणि क्लबच्या फुटबॉल संघाचे चिखलाचे कपडेही गेली अकरा वर्षं मीच धुतेय.

हेबेर मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम. त्याच्या टोळीत एक गडी होता, त्याने सुट्टीसाठी आपली आजी तीनदा मारली. तिन्ही वेळा हेबेरने सुट्टी दिली, वर स्वतःचे डोळे पुसले. तिसऱ्या खेपेला दुपारी ती आजीच नातवाचा डबा घेऊन कुरणावर हजर. आमचे बंधुराज तिला काय म्हणाले असतील? "बसा आजी, दमला असाल." आता अशा माणसाला कुणी मुकादम म्हणावं?

पण फुटबॉलचं वेड मात्र लहानपणापासूनचं. सव्विसाव्या वर्षी गुडघा मोडला, खेळणं संपलं, तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं की ओम्बूचा संघ एकदा आपल्या हाताखाली यावा. तीस वर्षं कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी जुना प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर सोडून गेला आणि दुसरं कुणी मिळेना, तेव्हा क्लबचे अध्यक्ष एचेवेरी आमच्या दारात आले. म्हणाले, "हेबेर, संघ पहिल्या दर्जात टिकला तर पुढेही तूच. खाली घसरला, तर तुझ्या मेंढ्या आहेतच."

त्या रात्री हेबेर झोपला नाही. सकाळी बघते तर वहीचं पान भरून चौदा नियम. केस बांधायचे, मोबाइल बंद, कपडे बदलायच्या खोलीत येर्बाच्या कडू चहाचा तुंबा फिरवायचा नाही. हे मला वाचून दाखवत होता आणि स्वतः तुंब्यातल्या नळीने तोच चहा ओढत होता.

मी म्हटलं, "अरे, चौदा नियम तुझ्या तरी लक्षात राहतील का? एक ठेव. पण तो पाळ."

त्याने तासभर डोकं खाजवलं आणि एक ठेवला. गुरुवारी सरावाला जो नाही, तो रविवारी सामन्याला नाही. कारण सांगायचं नाही, मी ऐकणार नाही.

"कारण का नाही ऐकायचं?" मी विचारलं.

"ताई, ऐकलं की मला पटतं गं."

खरंच होतं.

पोरांना आधी गंमत वाटली. पोरं त्याला प्रोफे म्हणतात, आमच्याकडे प्रशिक्षकाला तसंच म्हणतात. पाठीमागे 'गुरुवार' म्हणायची. मग जून महिना आला, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा. ऐन थंडीतला पाऊस, ओढ्याला पूर, फरशी पूल पाण्याखाली. आमचा नऊ नंबरचा नाउएल पलीकडच्या दुधाच्या गोठ्यावर कामाला. बावीस वर्षांचा, काटक, आणि गोल मारावा तर त्यानेच. तो अडकला पलीकडे. क्लबात फोन केला तर हेबेरने घेतला नाही. रविवारी नाउएल आला, पिशवीतून बूट काढून तयार बसला. हेबेरने अकरा नावं वाचली, मग राखीव पाच वाचली. नाउएलचं नाव कशातच नाही.

"प्रोफे, ओढा आला होता," पोरगं म्हणालं.

"कारण सांगायचं नाही," हेबेर म्हणाला.

नाउएलने बूट पिशवीत टाकले आणि निघून गेला. आम्ही तीन गोल खाल्ले, मारला एकही नाही. दुसऱ्या दिवशी पाववाल्याने हेबेरला शिळा पाव दिला, तोही न बोलता. मी तर त्या रविवारी त्याला जेवायलाच वाढलं नाही. म्हटलं, ओढ्याला पूर येतो त्यात पोराचा काय दोष, तू माणूस आहेस की खांब? तो मुकाट्याने उठला आणि स्वतः अंडी तळून घेतली, तीही करपवली.

नाउएल त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही. पण गुरुवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर तोच असे. आणि एक गोष्ट गावाला माहीत नव्हती, मला होती. पावसाचा गुरुवार असला की हेबेर दुपारीच आपली जुनी गाडी काढायचा आणि वरच्या मोठ्या पुलावरून चाळीस किलोमीटरचा वळसा घालून गोठ्यावर जायचा. नाउएलला म्हणायचा, "इकडूनच चाललो होतो. यायचंय का?" दोघं गाडीत शेजारी बसून तोंडातून शब्द न काढता यायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. अरे, एवढा वळसा घालतोस, तर एकदा चुकलो म्हण ना.

असं करत हंगाम सरला. ऑक्टोबरात शेवटचा सामना उरला, आणि टिकायला एक गुण हवा होता. हरलो की खाली, बरोबरी झाली की वाचलो. आणि त्याच आठवड्यात मेंढ्यांची कातरणी जोरात. गुरुवारी आभाळ भरून आलं. भिजलेली मेंढी कातरता येत नाही, म्हणून मुकादमसाहेब ओढ्यापलीकडच्या वाड्यातल्या शेवटच्या चाळीस मेंढ्या उरकायला थांबले. नाउएल आभाळ बघून दुपारीच ओढा ओलांडून आला होता. संध्याकाळी पाच वाजता फरशी पूल बुडाला. हेबेर वरच्या पुलाकडे वळला, तर गाडी अर्ध्या वाटेत चिखलात रुतली, चाकं बुडेपर्यंत.

क्लबातला फोन मी घेतला.

"ताई, पोरांना सांग, मी नाही आलो."

"अरे, ओढ्याचं सांगते ना."

"कारण सांगू नकोस."

मी अर्थातच सगळं सांगितलं. मेंढ्या, चिखल, चाकं, काही सोडलं नाही. कप्तान वाल्देमारने सराव घेतला. नाउएलही ऐकत होता.

रविवारी हेबेर आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. कपडे बदलायच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबला, आत पाऊल टाकेना.

"प्रोफे, या आत. नाटकं पुरे," वाल्देमार म्हणाला.

"गुरुवारी कोण नव्हतं?" हेबेरने विचारलं.

अध्यक्ष एचेवेरी मागेच उभे. त्यांचा चेहरा लालबुंद. "हेबेर, आज हरलो तर तू गेलास. कळतंय का? मुकाट्याने आत जा."

सगळ्यांच्या माना नाउएलकडे वळल्या. तो नाडी बांधत होता. गाठ मारली, परत सोडली, परत मारली. मान वर न करता म्हणाला, "बाहेर."

मला वाटलं, आता माझ्या भावाचा चेहरा पडणार. पण तो हसला. इतका मोकळा हसला की मला त्याचं लहानपण आठवलं. "बरोबर आहे," म्हणाला, खिशातून अकरा नावांचा कागद काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"मला काय देतोस? मी धोबीण आहे."

"गुरुवारी तू होतीस."

अशा रीतीने माझ्या, म्हणजे कपडे धुणाऱ्या देल्मीराच्या, हातात ओम्बूचा संघ आला. हेबेर कुंपणाच्या तारेबाहेर गेला आणि मैदानाकडे पाठ करून, पलीकडच्या गाईंकडे तोंड करून उभा राहिला. मी जाऊन झापलं, "निदान बघ तरी."

"पोरं माझं तोंड बघून खेळतात, ताई. तोंड दिसलं म्हणजे मी आतच आहे की."

पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल खाल्ला. मध्यंतरात एचेवेरी तारेपाशी जाऊन हात जोडायचे तेवढे राहिले. हेबेरने मान हलवली, वळला नाही. इकडे पोरं माझ्याकडे बघतायत. मला फुटबॉलमधलं काय कळतं? पण कुणाचा शर्ट घामाने भिजलाय आणि कुणाचा कोरडा आहे ते मला कळतं. कोरडे शर्ट होते दोन, ते दोन्ही काढले. जाड्या लीबेर मागे खेळतो, त्याला म्हटलं, तू पुढे जा आणि त्यांच्या गोलरक्षकासमोर नुसता उभा राहा, तुला ओलांडून त्याला काही दिसणार नाही.

सामना संपायला बारा मिनिटं असताना नाउएलने डावीकडून चेंडू आत घातला, तो लीबेरच्या नडगीला लागला आणि जाळ्यात गेला. लीबेरला स्वतःलाच पत्ता नाही. मैदान नुसतं उसळलं. मी हेबेरकडे बघितलं. त्याने दोन्ही हातांनी तार धरली होती, तीही पाठीमागे हात नेऊन, पण मान काही वळली नाही. पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत तो गाईच बघत होता.

एक एक. आम्ही टिकलो. एचेवेरी मला मिठी मारून रडले, आणि पुढच्या वर्षीही हेबेरच, असं दहा जणांना ऐकू जाईल असं म्हणाले.

पोरं लीबेरला उचलायच्या खटपटीत होती. नाउएल मात्र एकटाच तारेकडे गेला. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या निमित्ताने मागे गेले. कुणीतरी ऐकायला हवंच होतं.

"टिकलो, प्रोफे," नाउएल म्हणाला.

हेबेर वळला. डोळे लाल झाले होते. "गोल कुणी मारला?"

"लीबेरच्या नडगीने."

दोघं थोडं हसले. मग नाउएल तारेवर बोट फिरवत म्हणाला, "जूनमध्ये त्या रविवारी मी घरी गेलो नव्हतो. इथेच पाण्याच्या टाकीमागे उभा होतो, असाच पाठ करून. रडताना कुणी बघू नये म्हणून."

"माहीत आहे," हेबेर म्हणाला. "टाकीच्या बाजूने तुझा खांदा दिसत होता. पूर्ण सामनाभर मी तुझ्याकडेच बघत होतो. म्हणून तर तीन गोल खाल्ले."

नाउएलने तार वर उचलून धरली, आणि माझा छप्पन्न वर्षांचा भाऊ इस्त्रीच्या शर्टानिशी तिच्याखालून रांगत आत आला.