बर्फवालीचा पहिला प्रश्न

आमच्या बर्फवालीला हातमोज्यांतूनही बर्फ विरघळत आल्याचं कळायचं. नमुन्यांचा डबा चाचपायची आणि म्हणायची, "बदला, पानी झालं." आम्ही घड्याळं लावून बसणारे, ती पाचूबंदरच्या कोळणीची मुलगी. मला तिचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटे.

कामणच्या गोदामांमागे आमची प्रयोगशाळा; ती तिथं माझ्याबरोबरच संशोधनाला लागलेली, बर्फवाली हे आम्ही पाडलेलं नाव. पेशीतल्या आरएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि आजारात त्या बदलतात. रक्तातून त्या नीट वाचता आल्या तर यकृताचा कर्करोग लवकर ओळखता येईल, कोणतं औषध लागू पडेल हेही कळेल, यासाठी आमची खटपट. आरएनए मात्र भलता नाजूक. जरा ऊब लागली की तुकडे. मी एमएस्सीला पहिला आलेलो, तरी माझे नमुने आठवड्यात दोनदा फुकट जायचे. तिचा एकही नाही. कसं जमतं विचारलं तर म्हणे, "पापलेट सांभाळतो तसं सांभाळायचं, दुसरं काय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुपारी तिच्या डब्यातल्या जवळ्यासाठी सगळे तिच्या टेबलाशी जमत. मी, घाटावरून विरारच्या फ्लॅटमध्ये आलेल्या कारकुनाचा मुलगा, पोळीभाजी घेऊन कोपऱ्यात. ती मला बोलवत नसे असं नाही. रोज बोलवायची, त्याचाच राग यायचा.

मग एकदाचं माझं नशीब उघडलं. रुग्णांच्या आरएनएवर चार खुणा वाढलेल्या दिसल्या. निरोगी माणसांत त्या तशा नव्हत्या. सरांपुढे मांडायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खुर्चीशी आली.

"आजारी मानसांचं रक्त कुठनं आलं?"

"विरारच्या दवाखान्यातून."

"आनि बरी मानसं?"

"आपलीच, इथली."

"म्हंजे इथलं लगेच बर्फात, तिथलं दोन तासांनी. आई बोलते, मासा कुनाचा ते मागनं बग, बर्फ कदी लागला ते आदी इचार."

मी तिला नाही नाही ते बोललो. माझ्यावर जळतेस, असंही म्हणालो. ती आपल्या टेबलाकडे गेली. पण शंका काही मला झोपू देईना. सरांकडून मुदत मागून घेतली आणि दोन्हीकडचं रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवून सगळं पुन्हा केलं. चारातल्या तीन खुणांचा फरक नाहीसा झाला; तो आजाराचा नव्हताच, उशिरा लागलेल्या बर्फाचा होता. एक टिकली.

बैठकीत सरांनी कौतुकानं विचारलं, "हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

ती शेजारीच बसली होती. "शंका आली," मी म्हणालो. तिनं वहीचं पान उलटलं.

वर्षभरानं ती बंगळुरूला गेली. लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव माझं होतं, तिचं शेवटी आभारात. लेखकांची यादी मीच केली होती. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आता ही काय बोलणार म्हणून मी धास्तावलो.

"वाचला रे," ती म्हणाली. "तीन गाळल्यास ते चांगलं केलंस. नायतर उगाच कुनाला तरी कॅन्सर आहे म्हनून सांगितलं असतं." मग माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

तेव्हाही माफी तोंडातून निघाली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवून मी कितीतरी वेळ तिच्यात खोट शोधत बसलो. अजून सापडलेली नाही.