बगळ्याची मान

देऊळगाव राजाच्या फोटो स्टुडिओत प्रिंटवर बारीक ब्रश फिरवणारे ते गृहस्थ गिऱ्हाइकाची वाकडी टोपी, तिरपी मान न सांगता सरळ करून देत. बोलण्याआधी ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढत. मी शाळेच्या प्रदर्शनासाठी बॉक्स कॅमेऱ्यानं काढलेल्या उडत्या बगळ्याच्या फोटोची निगेटिव्ह त्यांच्याकडे दिली. पंख धूसर होता, तेवढा रेखीव हवा होता. त्यांनी अकरा पिसं सुरेख रेखली आणि मानही लांब, सरळ केली.

"बगळा मान दुमडून उडतो," मी म्हणालो.

"मास्तर, वीस वर्षांत माह्या कामात कोणी चूक नाही काढली. अशी मान मुरगळून कोणी उडते काय?"

प्रिंट तिथंच ठेवून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सायकलवरून घरी आले. पायजम्यावर तळ्याचा चिखल वाळला होता.

"सकाळी चार बगळे पाह्यले. चारही मान दुमडूनच उडले. अन् पिसं मले एकाचीबी मोजता आली नाहीत."

त्यांनी नवी प्रिंट पुढे केली. तिच्यावर कुठंही ब्रश लागला नव्हता.