गुरुजींच्या कॉम्प्युटरवरची चिठ्ठी

चारठाण्याचे गुरुजी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याला हात जोडायचे. पडदा उजळेपर्यंत समोरच्याने बोलायचं नाही, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. पंचांग तोंडपाठ असूनही पत्रिका ते यंत्रातूनच काढायचे. "माझं चुकेल बाबा, यंत्राचं चुकत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

कारण त्या यंत्राने माझं लग्न मोडलं. ताडकळसची मुलगी होती, दोन्हीकडून पसंती झाली होती. गुरुजींनी आईला माझी जन्मवेळ विचारली. आई म्हणाली, "घड्याळ कुठलं गुरुजी? सकाळची जिंतूरची गाडी फाट्यावर आली अन् ह्यो झाला." गुरुजींनी भिंतीवरचं एसटीचं वेळापत्रक पाहून आठ वाजून दहा मिनिटं टाकली. वडील कळवळले, "अहो, ती गाडी कधी नवाच्या आत आली हाय का?" गुरुजींनी मान वर केली नाही. "वेळापत्रक सरकारी आहे." यंत्राने कडक मंगळ दाखवला. ताडकळसहून पुन्हा निरोप आला नाही.

पुढं माझं लग्न झालं, संसारही बरा चालला. मानवतला दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत कॉम्प्युटर शिकलो, स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझी घासाघीस रस्त्यापलीकडे ऐकू जाते. पण गुरुजींवरचा राग मी कधी कमी केला नाही.

मग एका सकाळी ते स्वतःच आले. उपरण्यात गुंडाळलेला सीपीयू मांडीवर. "अरे, रोज पडद्यावर येतंय, ही सिस्टीम जुनी झाली, नवी टाका. टाकू का? तू सांगशील तसं."

नवी टाकली तर त्यांचा पत्रिकेचा प्रोग्राम चालणार नव्हता. सगळ्या पत्रिका त्यातच. कागदावर एकही नाही. नुसतं "टाका" म्हटलं असतं तरी सूड पुरा झाला असता. पण इतक्या स्वस्तात सोडणारा मी नव्हे.

"नवी टाकली तर सगळ्या पत्रिका गेल्या समजा. जुनीच चालवायची तर ते मी बघतो. पण आधी माझी पत्रिका काढा. वेळ नऊ वाजून पाच."

गुरुजींनी हात जोडले. या वेळी मंगळ नव्हता.

पत्रिकेच्या तळाशी त्यांनी काहीतरी टाइप केलं. "यंत्राचं चुकलं नाही," ते म्हणाले, "माझं चुकलं. आणखी किती जणांच्या गाड्या उशिरा आल्या असतील रे? टाक नवी. जाऊ दे सगळं."

मला हवं होतं तेच ते आता आपणहून मागत होते. म्हणूनच दिलं नाही. पुसून मोकळं होऊ देतो काय! 'नवी टाका' पुन्हा येऊ नये म्हणून इंटरनेट बंद केलं, जुनी सिस्टीम तशीच ठेवली आणि सीपीयूवर समोरच चिठ्ठी चिकटवली: 'गाडी किती उशिरा होती?'

"ही काढायची न्हाई गुरुजी. कधीच."

त्यांनी काढली नाही. प्रत्येक आईला आधी हा प्रश्न विचारायचे, मगच हात जोडायचे.

मागच्या वर्षी ते गेले. मुलगा मशीन घेऊन आला. "बाबा म्हणाले, नवी टाकायची का न्हाई, ते तुमीच ठरवा."

मी टाकलेली नाही, मशीन माझ्याच दुकानात ठेवलंय. माफ केलं असं कोणी समजू नये. रोज सकाळी माझी पत्रिका उघडतो आणि तळाशी त्यांनी टाइप केलेली ओळ वाचतो: 'पूर्वीची पत्रिका चुकीची. चूक माझी.' पडदा उजळेपर्यंत गिऱ्हाईकाला बोलू देत नाही.