वारुळातली चार पिल्लं

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली वल्लरी आता बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पण बाईंच्या पायाला भिंगरी! शाळा सुटली की स्कूटी थेट माळावर. हिचं मन नक्की कशात रमतं, हे घरच्यांना कळलं ते यंदाच्या प्रदर्शनात. माती, उसाची चिपाडं आणि भंगारातल्या तारा लिंपून तिनं पुरुषभर उंचीचं वारूळ उभं केलं आणि त्याच्या भोकाभोकांत जुन्या मोबाईलचे पडदे बसवले. त्यांवर तिनंच माळावर केलेलं चित्रीकरण: एकात घोरपड, एकात चिंकारा, एकात मुंग्यांची रांग. आणि मधोमध बिळाबाहेर लोळणारी लांडग्याची चार पिल्लं.

ते बीळ तिला माळालगतच्या कळस गावातल्या जाणत्या दत्तोबांनी दाखवलेलं, कुणाला जागा सांगायची नाही या बोलीवर. तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

बारामतीकर कौतुक करत होते, फोटो काढत होते. दुपारी कळसचा संभाजी आला, मेंढरं राखणारा. तो पिल्लांच्या पडद्यापुढून हलेचना, तेव्हा वल्लरीनं त्याच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. पिल्लांच्या मागं माळावरचा फुटका बंधारा दिसत होता! कळसचं शेंबडं पोरही ओळखेल असा. महिनाभर त्या चित्रीकरणाशी झटापट केली, आणि अख्खा बंधारा दिसला नाही? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला. धावत जाऊन तिनं वायर उपटली.

"मी बघितलेलं त्यानं पुसतंय व्हय, बाई?" संभाजी म्हणाला.

लांडग्यानं त्याच्या मेंढ्या नेल्या होत्या, गाभणीसुद्धा. बिळाच्या तोंडाशी धूर केला की कटकट मिटली, हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. ती विनवण्या करू लागली; पिल्लं किती लहान आहेत, माळावर लांडगे उरलेत तरी किती. बोलता बोलता तिलाच ते पोकळ वाटायला लागलं.

संभाजीनं वारुळाभोवती एक फेरी मारली. "घोरपड हाय, मुंग्या हायत. आमी न्हाय ह्यात. आमी बी त्याच माळावर ऱ्हातो की."

वल्लरीला लाज वाटली, रागही आला, आणि तो कुणाचा ते कळेना. तिकडं बक्षीस समारंभासाठी खुर्च्या मांडत होते. तिनं पिशवी उचलली.

"पिल्लं मोठी होईपर्यंत मी मेंढरांच्या वाड्यावर राखणीला येते. आजपासून. तुम्ही धूर करू नका."

संभाजीनं तिच्या पायातल्या चपलांकडं बघितलं.

"बूट घाला," तो म्हणाला. "आन् तितं झोपायचं न्हाय."